भिंगरीचा श्वास

आजीला कुणी बोलावलं नव्हतं. जावई विजेच्या तारांच्या कामावर बाहेरगावी गेलाय आणि नातीला, भिंगरीला, सर्दी झालीय, एवढं तिच्या कानावर आलं. तशी तिने दुकानाचं शटर खाली ओढलं, पिशवीत चार कपडे कोंबले, बगलेत स्वतःची उशी मारली आणि पूर्वी जे लेकीचं घर होतं त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"परक्या उशीवर मला झोप लागत नाही," दारातच तिने सांगून टाकलं. "आणि पोरीला बरं नसताना माझ्या घरीही लागायची नाही. तेव्हा राहायलाच आलेय."

दार उघडणारी, जावयाची दुसरी बायको, बाजूला झाली. "या ना, आजी," ती म्हणाली. स्वरात आनंद नव्हता तसा रागही नव्हता, आणि आजीला नेमकं तेच सोसत नसे. एकदा कडाडून भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात निदान माणूस कळतं, असं तिला वाटायचं.

आजीचं पडद्यांचं दुकान होतं. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं, शिवायचं आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने पडदा दांडीवर चढवून द्यायचा. गिऱ्हाइकाने निवडलेला रंग पटला नाही तर ती तोंडावर सांगायची, "हा लावलात तर घर आजारी दिसेल," आणि गिऱ्हाईक निमूट दुसरा रंग बघायचं. लेक आजारपणात गेली तेव्हा भिंगरी रांगतही नव्हती. जावयाच्या पायाला तर कामापायी भिंगरीच. पोरीला आजीने उचललं, दुकानामागच्या खोलीत आणलं आणि वाढवलं. कापडाच्या गठ्ठ्याला धरून ती उभी राहिली, मशीनच्या खडखडाटात झोपायला शिकली, आणि चालायला लागल्यावर एका जागी म्हणून ठरेना. बापाच्या पायातली भिंगरी लेकीच्या नावात आली ती अशी. तिचं खरं नाव फक्त दवाखान्यात उपयोगी पडायचं.

मग जावयाने दुसरं लग्न केलं. "करा हो, माणसाने एकट्याने किती काढायचं," असं आजीच म्हणाली होती. पण लग्नानंतर पोर त्याच्या घरी गेली आणि दुकानामागची खोली एकदम गप्प झाली, तेव्हा आपण असं का बोलून बसलो, असं तिला झालं.

नवी बायको शाळेची गाडी चालवायची. सकाळी घरोघरची पोरं गोळा करायची, दुपारी परत पोचवायची. ती पोरं तिला गाडीताई म्हणायची, म्हणून भिंगरीही गाडीताईच म्हणायला लागली. आजीला तेही खुपायचं. पोरगी तिला 'आई' म्हणाली असती तर आजीच्या काळजात चर्र झालं असतं. म्हणत नव्हती, तर 'एवढे महिने झाले, साधी माया लावता येईना हिला,' असं व्हायचं. गाडीताईने नक्की काय केलं असतं म्हणजे चाललं असतं, हे खुद्द आजीलाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी भिंगरीचं नाक वाहत होतं, अंग किंचित कोमट होतं आणि आवाज पार बसला होता. "आजी, उशी आणलीस?" हे तिने इतक्या घोगऱ्या आवाजात विचारलं की दोघींनाही हसू आलं. आजीने पिशवीतून बटणांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. उरलीसुरली बटणं, रंगीबेरंगी, लहानमोठी. भिंगरीचा जुना जीव त्यात.

"आजी, त्यात बारीक बटणं आहेत. तोंडात घालेल हं," गाडीताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माझ्या डोळ्यांदेखत वाढलीय ती या बटणांत," आजी म्हणाली. "आजवर एक तोंडात घातलेलं नाही."

पण जेवणं झाल्यावर डबा कपाटावर चढला होता, हे आजीने पाहिलं. मग तिने खिडकी बंद केली. थोड्या वेळाने गाडीताईने ती बोटभर उघडली. आजीने पुन्हा लावली. अशी ती दोघींची रात्र एकमेकींशी एक शब्द न बोलता भांडण्यात गेली.

पहाटे, उजेड फुटायच्या जरा आधी, आजीला कुत्र्याच्या भुंकण्याने जाग आली. अगदी उशाशी भुंकल्यासारखा आवाज होता, कोरडा आणि पोकळ. 'हिने कुत्रंही पाळलंय की काय,' असं अर्धवट झोपेत तिच्या मनात आलं. पुन्हा तोच आवाज आला आणि मागोमाग दुसरा, श्वास आत ओढल्याचा, बारीक, चिरका, बिजागरी करकरावी तसा. आजी ताडकन उठून बसली. कुत्रं नव्हतं. शेजारच्या पलंगावर भिंगरी उठून बसली होती, डोळे विस्फारलेले, दोन्ही हात गादीवर रोवलेले, आणि भुंकत होती तीच.

"अगं बाई!" आजी ओरडली. "अगं ऊठ, ऊठ! पोरीचा श्वास अडकलाय!"

गाडीताई केव्हाच उठली होती. तिने दिवा लावला. भिंगरी रडायला लागली, आणि रडताना तो चिरका आवाज आणखी चढला. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, फासळ्यांमधली कातडीही.

"पाणी तापव," आजी म्हणाली. "पातेलंभर. वाफ दे तिला, डोक्यावरून टॉवेल घाल. कफ सुटला की मोकळी होईल."

"नको आजी. एवढी घाबरलीय ती, हात मारला तर उकळतं पाणी अंगावर येईल."

"मग काय नुसती बघत बसू? माझ्या लेकीला मी वाफ देऊनच वाढवलं!"

"मी फोन करते दवाखान्यात."

"फोन करत बस तू! तोवर पोर जाईल हातची!"

"आजी, तिच्यासमोर असं बोलू नका!"

"तू मला शिकवू नकोस!"

शब्दाला शब्द वाढला, दोघींचे आवाज चढले, आणि भिंगरी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत जिवाच्या आकांताने रडू लागली. आजी पाणी तापवायला धावली. गाडीताईने एका हाताने भिंगरीला कमरेवर घेतलं, दुसऱ्या हाताने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून एका सिस्टरचा संथ आवाज आला.

"काय झालंय, सांगा."

"मुलगी तीन वर्षांची होईल आता. दोन दिवस सर्दी आहे. आत्ता उठली ती भुंकल्यासारखी खोकतेय, आणि श्वास घेताना आवाज येतोय."

"मला ऐकू येतंय. आणि दोन मोठी माणसं भांडतानाही ऐकू आली," सिस्टर म्हणाली. "आधी ते थांबवा. ती रडेल तेवढा तिचा श्वास जास्त कोंडेल. तिला शांत ठेवणं हेच पहिलं औषध आहे. समजलं का?"

स्वयंपाकघराच्या दारात आजी पातेलं हातात धरून जागच्या जागी थांबली.

"वाफेचं पाणी असेल तर ओतून टाका," सिस्टर पुढे म्हणाली, जणू तिला फोनमधून दिसतच होतं. "वाफेने यात काही होत नाही, आणि भाजलेली मुलं मात्र आमच्याकडे येतात. तिला आडवं करू नका. तिला जसं बसावंसं वाटतंय तसं बसू द्या. चमचा घालून घसा बघू नका. आता सांगा, ओठ निळसर आहेत?"

"नाहीत. गुलाबी आहेत."

"तोंडातून लाळ गळतेय? थुंकी गिळता येतेय?"

"गिळतेय. लाळ नाही."

"ताप खूप आहे?"

"थोडा. फार नाही."

"काल खेळताना काही तोंडात घातलं होतं का? मणी, दाणा, बटण असं काही?"

आजीची नजर कपाटावरच्या डब्यावर गेली. गाडीताईने तिच्याकडे पाहिलं. आजीला वाटलं, आता ही म्हणणार. सगळं म्हणणार, आणि म्हणायचा तिला हक्कही आहे.

"काल मी तिला बटणांचा डबा दिला होता," आजी स्वतःच म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "हिने नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

"खेळताना एकदम ठसका लागला होता? घुसमटली होती?"

"नाही," गाडीताई फोनकडे वाकून म्हणाली. "आम्ही दोघी तिथेच होतो. ठसका लागला नव्हता. आवाज मात्र त्याआधीच बसला होता, दुपारपासून."

'आम्ही दोघी' म्हणाली ती. आजीने ते ऐकलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बरं," सिस्टर म्हणाली. "ऐकून तरी क्रूप वाटतोय. विषाणूने घसा आतून सुजतो, म्हणून असा भुंकल्यासारखा खोकला येतो. पण आता तिचं रडणं थांबलंय, तरी श्वासाचा आवाज मला ऐकू येतोय, तेव्हा डॉक्टरांनी लगेच बघायला हवं. बटणांचंही त्यांना सांगा. गाडी आहे?"

"माझीच आहे. दवाखाना जवळ आहे."

"मग निघा. वाटेत ओठ निळे वाटले, किंवा ती गळून पडली, तर जागीच थांबा आणि अँब्युलन्सला फोन करा. आणि हळू बोला, दोघीही."

शाळेची पिवळी गाडी फाटकाशीच उभी होती. ड्रायव्हरच्या मागची छोटी सीट भिंगरीची. आजी तिला मांडीवर घेऊन बसणार होती, पण गाडीताई म्हणाली, "आजी, सीटमध्ये ती ताठ बसेल, आणि पट्टाही राहील. तुम्ही शेजारी बसा आणि हात धरा. तुमचा हात तिला हवा आहे." एरवी आजीने दहा प्रश्न विचारले असते. आज ती मुकाट शेजारी बसली.

गाडी निघाली. गाडीताईने काच थोडी खाली केली. पहाटेचा गारवा आत आला तशी आजी सवयीने बोलणार होती, पण तिने जीभ चावली. भिंगरीने तोंड वाऱ्याकडे केलं. एक श्वास, दुसरा श्वास, आणि त्या करकरीची धार जराशी बोथट झाल्यासारखी वाटली.

"गार हवेने कधीकधी बरं वाटतं म्हणतात," गाडीताई आरशातून मागे बघत म्हणाली. "रंग कसा आहे ओठांचा?"

"गुलाबी," आजी म्हणाली. पुढच्या वळणावर न विचारता तिने पुन्हा सांगितलं, "गुलाबीच आहे."

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. पडदे लावून केलेल्या एका कप्प्यात खुर्ची होती. आजी भिंगरीला मांडीवर घेऊन बसली. ते पडदे मापाला आखूड शिवलेत, हे तिला एरवी सगळ्यात आधी दिसलं असतं. आज तिला पोरीच्या गळ्याखालच्या खळग्याशिवाय काही दिसत नव्हतं.

डॉक्टर आला. तरुण होता, केस उशीवरून उठल्यासारखे विस्कटलेले. त्याने गळ्यातली तपासायची नळी खिशात टाकली, एक बुटकं स्टूल ओढलं, बऱ्याच अंतरावर बसला आणि नुसता बघत राहिला.

आजीला राहवेना. "अहो डॉक्टर, बघताय काय नुसतं? तपासा की तिला!"

"तपासतोच आहे, आजी," तो हळूच म्हणाला. "मी जवळ गेलो तर रडेल. लांबूनच जास्त कळतं."

मग गाडीताईने दबक्या आवाजात सगळं सांगितलं, अगदी बटणांसकट. बटणांचं सांगताना तिने कुणी दिली हे सांगितलं नाही.

आजीचे हात मात्र थरथरायला लागले होते. घरात धावपळ होती तोवर त्यांना सवड नव्हती, आता मिळाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिचा स्वतःचाच श्वास उथळ झाला. लेक गेली तेव्हाही असलाच कप्पा, असलीच खुर्ची, आणि पलंगावर ती. मांडीवरची भिंगरी आजीच्या तोंडाकडे बघत होती, आणि आजीचा चेहरा वाकडा होईल तसतसा तिचा श्वास पुन्हा करकरायला लागला.

डॉक्टरच्या ते लक्षात आलं. "औषधाची वाफ देणार आहोत," तो म्हणाला. "घरच्यासारखी गरम नाही, ही यंत्रातून येते, गार असते. मास्क तोंडाजवळ धरायला लागेल. जिच्याजवळ ती जास्त शांत राहील तिने घ्यावं."

गाडीताई जागची हलली नाही. "आजींजवळ राहू दे," ती लगेच म्हणाली. "त्यांची सवय आहे तिला."

आजीने आपल्या हातांकडे पाहिलं. ज्या हातांनी दोन पुरुष उंचीच्या खिडक्यांवर दांड्या ठोकल्या ते हे हात, आणि आज ते एका पोरीला स्थिर धरू शकत नव्हते.

"घे तू," ती म्हणाली. "माझे हात थांबेनात. माझी भीती लागतेय तिला."

भिंगरी एका मांडीवरून दुसरीवर गेली. मास्क पाहून तिने मान फिरवली, हुंदका दिला. गाडीताईने मास्क तिच्या तोंडावर दाबला नाही, समोर नुसता धरला आणि अगदी सपाट, रोजच्या कामाच्या आवाजात बोलायला लागली.

"चला, गाडी सुटली. पहिला थांबा लाल फाटक. कोण चढलं?"

भिंगरीने मान तशीच फिरवलेली ठेवली.

"लाल फाटकावर डबा विसरणारा चढला. आज डबा आणलाय का? नाही आणला. दुसरा थांबा पाण्याची टाकी. तिथे कोण चढलं?"

"जुळ्या," भिंगरी मास्कआडून घोगरेपणाने म्हणाली.

"जुळ्या चढल्या. त्यातली भांडकुदळ कुठली?"

"वेणीवाली."

"वेणीवाली खिडकीत बसली. तिसरा थांबा..."

"पिठाची गिरणी," भिंगरी म्हणाली. तिने पाठ मागे टेकली. यंत्राचं धुकं तिच्या नाकातोंडाभोवती फिरत होतं आणि ती ते मुकाट आत घेत होती.

आजी बाजूला उभी राहून ऐकत होती. हा डबा विसरणारा, जुळ्या, गिरणीपाशी चढणारा कुणीसा झोपाळू, ही सगळी माणसं तिच्या नातीच्या आयुष्यात केव्हा आली? केवढं मोठं एक जग या दोघींनी मिळून उभं केलं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. हे तिला टोचलं. पण टोचता टोचताच तिला दिसलं, की गळ्याखालचा तो खळगा आता पहिल्याएवढा आत जात नाहीये. आणि मग टोचणीला जागाच उरली नाही.

सिस्टरने पिण्याचंही एक औषध दिलं, गोडसर, पिचकारीने गालात सोडून. "हे खरं सूज उतरवणारं," डॉक्टर म्हणाला. "एकच डोस. पण त्याला कामाला लागायला थोडा वेळ लागतो. वाफेचं औषध तोवर दम धरायला. त्याचा असर ओसरतो, म्हणून लगेच घरी सोडत नाही. दुपारपर्यंत बसा इथे."

ऊन चांगलंच वर आलं तोवर करकर थांबली होती. मधूनमधून भुंकल्यासारखा खोकला येई, पण श्वास बिनआवाजी झाला होता. आजीचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर पुन्हा आला तेव्हा आजीने डोळे कोरडे करून ठेवले होते.

"बटण नाही ना?" तिने आधी तेच विचारलं.

"बटण असं नाही वागत, आजी. ते अडकलं तर खेळता खेळता, एकदम. आधी सर्दी, मग आवाज बसणं, मग पहाटे हा खोकला, हे सगळं क्रूपचंच. शिवाय औषधाने ती इतकी मोकळी झाली." तो थोडा थांबला. "पण एवढ्या लहान मुलांना बटणं देऊ नये, हेही तितकंच खरं."

"मान्य," आजी म्हणाली. असं एका शब्दात ती आयुष्यात फारशी कधी बोलली नव्हती.

"मला एक समजावून सांगा," तिने पुढे विचारलं. "सर्दी तर मलाही होते. मी नाही भुंकत."

डॉक्टर हसला. "तुमची श्वासाची नळी रुंद आहे. आतून थोडी सुजली तर आवाज बसतो, एवढंच. हिची असते सरबताच्या नळीएवढी. तेवढीच सूज आली तरी निम्मी वाट बंद होते. त्यात ती रडली, की जोराने श्वास ओढते. नळी मऊ असते, ती ओढीने आणखी चपटी होते."

आजीने क्षणभर विचार केला. "म्हणजे पडद्याचा नेफा ओला होऊन आकसला, की दांडी आत सरकत नाही. आणि हिसडा दिला तर आणखीच गुंता होतो."

"हिसडा द्यायचा नाही, हेच तर," डॉक्टर म्हणाला.

निघताना त्याने दोघींना बसवून सांगितलं. आज किंवा उद्या, झोपल्यावर खोकला परत येऊ शकतो, घाबरायचं नाही. उचलून बसवायचं, शांत ठेवायचं, थोडं थोडं पाणी द्यायचं. रडल्यावर आवाज आला आणि गप्प झाल्यावर थांबला तर घरी चालेल. पण शांत बसलेली असतानाही करकर आली, छाती आत ओढली जायला लागली, गिळता येईना, रंग बदलला किंवा ती सुस्तावली, तर वाट बघायची नाही. "खोकल्याचं औषध नको, वाफ नको," तो म्हणाला, "आणि भांडण नको."

"ते कुणी सांगितलं तुम्हाला?" आजी एकदम म्हणाली.

"फोनवरच्या सिस्टरने," तो म्हणाला, आणि गाडीताई त्या दिवशी पहिल्यांदाच हसली.

त्या संध्याकाळी खोकला खरंच परत आला. भिंगरीला झोप लागते न लागते तोच ती भुंकत उठली आणि रडायला लागली. यावेळी कुणी ओरडलं नाही. गाडीताईने तिला उचलून बाल्कनीत नेलं, आजीने गोधडी आणून पोरीच्या पाठीवरून गुंडाळली. दिवा आजीनेच लावला, आणि भिंगरीचा सदरा वर करून छातीकडे बघत राहिली.

"आवाज येतोय," गाडीताई कुजबुजली.

"रडतेय म्हणून येतोय. थांब जरा. गप्प होऊ दे." आजीने आवाज खालीच ठेवला. "बघ, छाती ओढत नाहीये. ओठ बघ."

"गुलाबी."

"मग थांबू या."

दोघी थांबल्या. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, समोरच्या घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. भिंगरीचं रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके उसाशांवर, आणि मग तिचा श्वास नुसता श्वास झाला. करकर नाही. आजीने पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. दोन घोट पिऊन ती गाडीताईच्या खांद्यावर मान टाकून झोपली, आणि तिचा एक हात आजीच्या पदराला धरलेला राहिला. तो सोडवायचं दोघींपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. हात लांब पडू नये म्हणून आजी खुर्ची ओढून अगदी खेटून बसली.

"हात भरून आला असेल तुझा," आजी बऱ्याच वेळाने म्हणाली.

"आलाय."

"दे इकडे. आता माझे थरथरत नाहीत."

पुढल्या दोन दिवसांत खोकला ओला झाला आणि हळूहळू विरला. जावयाला फोनवर सगळं कळलं, तो काम सोडून निघतो म्हणाला. "तुम्ही येऊन काय करणार," आजीने त्याला सुनावलं, "आम्ही दोघी आहोत ना!" फोन ठेवल्यावर आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

एका दुपारी भिंगरी आत झोपली होती. गाडीताई शाळेची फेरी संपवून आली होती आणि दोघी समोरासमोर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. गाडीताईने एक छोटा सदरा गुडघ्यावर सपाट केला आणि मान वर न करता विचारलं, "आजी, तिची आई कशी होती हो?"

आजीचा हात थांबला. लेक गेल्यापासून लोक तिच्याविषयी बोलायचे ते आवाज उतरवून, आणि आजी दिसली की विषय बदलायचे. असं सरळ कुणी विचारलं नव्हतं.

"का विचारतेस?"

"हे नुसतं 'चांगली होती' म्हणतात आणि गप्प होतात. भिंगरी मोठी झाली की मलाच विचारणार. मी काय सांगू? 'चांगली होती'? चांगली तर सगळ्यांचीच आई असते."

आजीने घडी पुरी केली, बाजूला ठेवली, दुसरा कपडा घेतला.

"चांगली कसली," ती म्हणाली. "महा उपद्व्यापी होती. एकदा काय केलंन, एका बाईंचे पडदे मी शिवून, इस्त्री करून ठेवले होते. भारी कापड, मोठी मोठी फुलं. ही असेल सात-आठ वर्षांची. त्यातला एक घेतला, मधोमध कात्रीने भोक पाडलं, डोकं घातलं आणि झाला झगा. आणि त्याच दिवशी त्या बाई पडदे न्यायला दुकानात आल्या."

"अगंबाई! मग?"

"मग काय, मी मापाची पट्टी शोधत वाकलेय, बाई गल्ल्यापाशी उभ्या, आणि मागच्या खोलीतून या आमच्या राणीसाहेब, झगा सावरत, चालत..."

"गाडीताई!" आतून हाक आली. खणखणीत, मोकळ्या गळ्याची, घरभर घुमणारी. "आजी! मी उठले!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पोरीचा एवढा मोठा आवाज त्या घरात कित्येक दिवसांत ऐकू आला नव्हता. गाडीताई उठून आत गेली आणि झोपेने गाल फुललेल्या भिंगरीला कडेवर घेऊन आली. कपड्यांचा ढीग सरकवून जागा केली आणि पोरीला मांडीत घेऊन बसली.

"हं," ती आजीला म्हणाली, "आता हिलाही ऐकू दे. त्या बाई काय म्हणाल्या?"